माय कोणाले म्हणायचं

शालिकच्या कपाळावर दवाखान्यातल्या कंपाउंडरनं बांधलेली पट्टी बोटभर रुंद होती. सिंधूनं घरी आल्यावर तिच्यावरून आपल्या जुन्या लुगड्याची चांगली रुंद चिंधी गुंडाळली आणि वर गाठ मारली. पट्टी दिसायला नको का? अकोल्याहून थोरले भासरे वामनराव, म्हणजे नवऱ्याचे सगळ्यांत मोठे भाऊ, आणि त्यांच्या मंडळी पार्बताबाई, घरातल्या मोठ्या बाई, यायच्या होत्या, आणि त्या वयात माणसांची नजर काही धड राहत नाही. एवढीशी पट्टी नजरेतून सुटली तर काय घ्या!

झालं होतं ते असं. मधल्या भावाचा, शेषरावचा, मधला मुलगा हरिहर आणि धाकट्या देवीदासचा एकुलता शालिकराम, म्हणजे हा सिंधूचा, हे दोघं चुलतभाऊ चौथीत एकाच टाटपट्टीवर बसत. मास्तर पाठ फिरवून फळ्यावर हिशेब मांडत होते. शालिक हरीच्या कानाशी काही बोलला, आणि हरीनं पाटी उचलून कडेनं त्याच्या कपाळात घातली. पाटी फुटली, कपाळ फुटलं, सदरा लाल झाला. हेडमास्तरांनी हरीला घरी घालवलं आणि निरोप दिला, घरचं मोठं माणूस येऊन बोलल्याशिवाय ह्या पोरानं शाळेत पाऊल टाकायचं नाही. होल्यांच्या घरचं मोठं माणूस म्हणजे वामनराव. ते अकोल्याला, फळांच्या आडतीवर. पोरांच्या मारामारीसाठी एरवी त्यांना कोणी बोलावलंही नसतं. पण येत्या पंचमीला हाच हरी त्यांच्या मांडीवर दत्तक बसायचा होता.

वामनराव-पार्बताबाईंना मूलबाळ नव्हतं. नवससायास करून झाले, रिद्धपूरला जाऊन झालं, शेवटी त्यांनी दिवाळीत दोघा भावांना बसवून दत्तकाचं ठरवलं. शेषरावला तीन मुलगे. थोरला कोणी देत नाही, धाकटा अंगावर पिणारा, म्हणून मधल्या हरीवर बोट आलं. देवीदासला एकच मुलगा, आणि एकुलता द्यायचा नाही हा रिवाज. त्यामुळे शालिकचं नाव कोणी काढलंसुद्धा नाही.

हेच सिंधूच्या काळजात रुतलं होतं. विचारून नको म्हटलं असतं तर तिनं गिळलं असतं. पण विचारलंच नाही! जसं काही देवीदासच्या घरात पोरगं नाहीच. शालिक हरीपेक्षा गोरा, पाढे घडाघडा म्हणणारा, चारचौघांत हुशारीनं बोलणारा. आणि हरी? मुलखाचा घुम्या. त्याला मिळणार संत्र्याचा बगीचा, टांगा-घोडा, दुमजली घर. आणि शालिकनं जन्मभर अमरावतीच्या मळ्यात वांगी तोडायची. विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, हे मात्र सिंधूनं स्वतःला कधी विचारलं नाही. तिथवर तिचा विचार जायचाच नाही. तो शेषरावच्या बायकोच्या, कुंदाच्या लुगड्यापाशीच अडकायचा.

कारण दिवाळीनंतर अकोल्याहून कुंदाला जरीकाठाचं लुगडं आलं होतं. हरीला टोपी आली, बूट आले. सणाच्या पंगतीत मोठ्या बाई आधी कुंदाच्या भातावर तूप वाढायला लागल्या. आणि ही कुंदा काय करायची, तर संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून डोळे पुसायची! सिंधूला त्या रडण्याचा फार संताप यायचा. तिला ते निव्वळ मिरवणं वाटायचं. पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसासमोर ढेकर द्यावा, तसं.

त्यातून ते काकूचं प्रकरण. होल्यांच्या घरात पोरं आईला माय म्हणत आणि चुलतीला काकू. दत्तक झाल्यावर हरीची माय पार्बताबाई होणार आणि कुंदा होणार काकू. पार्बताबाई दिवाळीतच म्हणाल्या होत्या, की पोराले आतापासून सवय लावा, म्हणजे तिकडं आल्यावर जड जाणार नाही. मग काय, कुंदानं हुकूम पाळला. हरी अंगणातून ओरडायचा, "माय, भूक लागली." कुंदा चुलीपाशी भाकर थापत असायची. हात क्षणभर थांबायचा, पुन्हा चालू. हरी पुन्हा ओरडायचा, मग दारात येऊन ओरडायचा, लुगड्याला धरून ओढायचा. ही मान वर करत नसे. शेवटी पोरगं रडवेलं होऊन पुटपुटायचं, "काकू, भाकर दे." की लगेच ताट पुढं.

सिंधू बाजूला भाजी चिरत हे सगळं पाहायची. तिला वाटायचं, अकोल्याच्या मालकाची जन्मदाती व्हायची केवढी ही घाई! आणि मग देवीदास जेवायला बसला की ती वाढता वाढता तोंड सोडायची. शालिक बापाच्या ताटालाच ताट लावून बसलेला असायचा. पण पोरं ऐकतात, हे बोलणाऱ्याच्या कधी ध्यानात येत नाही.

वामनराव बडनेऱ्याला गाडीतून उतरून टांग्यानं आले ते सकाळच्या उन्हातच. पार्बताबाईंनी ओसरीवर पाय ठेवला आणि पहिली नजर गेली ती शालिकच्या डोक्यावर. जायचीच, सिंधूनं त्याला खांबापाशी बसवूनच ठेवलं होतं. पार्बताबाईंनी त्याला जवळ घेतलं, कपाळावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरले. मूल नसलेल्या बाईचा हात फार मऊ असतो. शालिक ऐटीत कण्हला.

हरी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. वामनरावांनी त्याला बोलावलं, काहून मारलं म्हणून विचारलं. हरी जमिनीकडं पाहत राहिला. शेषरावनं कानशिलात द्यायला हात उचलला, तो वामनरावांनीच धरला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उतरली ती सिंधूनं दाराच्या फटीतून नेमकी टिपली, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच उघड्या शब्दांत आलं, की हे ठरलेलं मोडू शकते. हे मोडलं की मग राहिला कोण? शालिकच.

भासऱ्यांसमोर जायचं नाही, बोलायचं नाही, ही घरची रीत. पण मोठ्या बाईंशी चुलीपाशी बोलायला काय हरकत? सिंधूनं त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि सुरुवात केली. कुंदा तिथंच परातीत पीठ मळत होती, तिच्यासमोरच. सिंधू म्हणाली, की पोरगं वाईट नाही बापा, पण रग लय. गेल्या महिन्यात वासराला दगड मारला. धाकट्या भावाला झोपेत चिमटे काढते, ते तर कुंदाबाईंनीच पाहिलं. कबुतराचं पिल्लू मुठीत दाबून मारलं. कबुतराचं खरं होतं की नाही कोण जाणे. दगडाचं आणि चिमट्यांचं खरं होतं, आणि खऱ्यात मिसळलेलं खोटं चटकन विकलं जातं.

"म्हातारपणी असं पोरगं म्हणजे," सिंधू आवाज खाली आणून म्हणाली, "आपणच आपल्या डोक्यावर मारणारा घरात आणून ठेवायचा. मी आपली म्हणतो बाई. मले काय करायचं?"

पार्बताबाईंनी कुंदाकडं पाहिलं. आता ही काहीतरी बोलेल, पोराची बाजू घेईल, भांडेल, असं दोघींनाही वाटलं. कुंदानं पिठात आणखी पाणी घातलं. पीठ आधीच सैल झालेलं होतं.

दुपारी वामनराव शाळेत जायच्या आधीच मोरोपंत मास्तर घरी आले. हे चौथीचे वर्गमास्तर. जबलपूरला मास्तरकी शिकून आलेला तरुण, चष्मेवाला माणूस. शाळेत छडी न वापरणारा मास्तर म्हणून गावात त्यांची थोडी चेष्टाच होती. नागपुरात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ बसल्यापासून मास्तरलोक चेकाळलेत, असं म्हणणारेही होते. ब्राह्मण असून त्यांनी ओसरीवर बसल्या बसल्या पाणी मागून प्यायलं, तेव्हाच वामनराव सावरून बसले.

मास्तर सांगायला लागले. तिकडं व्हिएन्ना म्हणून शहर आहे, तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या मनाचा अभ्यास केलाय. मुलाला राग येणं हा गुन्हा नाही, भूक लागते तसा तो येतो. पण पुष्कळदा ज्याच्यावर राग आहे, त्याच्यावरच मुलाचा सगळा जीव असतो. त्याला मारलं तर आपलं कोण उरणार? मग ते मूल राग पोटात ठेवून शाळेत येतं, आणि तो शेजारच्याच्या डोक्यात पडतो. वर्गात ज्या मारामाऱ्या होतात त्यातल्या अर्ध्या घरूनच आलेल्या असतात. मग त्यांनी विचारलं, हरी रात्री अंथरुणात करतो का? दचकून उठतो का? घरात अलीकडं काही बदल झाला का? अंथरुणाचा प्रश्न ऐकून शेषराव इतका ओशाळला की त्यानं उगाच उठून बैलांना पाणी दाखवलं.

वामनराव सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मास्तर, आमच्या घरचा राग तुमच्या शाळेत येते, अन् तुमी म्हणता छडी नोको."

"छडीनं तो परत घरी जाईल, काका. जाणार कुठं?"

वामनराव आडतीवरचे, बोलण्यात त्यांना कोणी गप्प करत नसे. ते जरा हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. म्हणाले, मला एक गोष्ट उलगडत नाही. दत्तकाचं मला पोरांकडून कळलं. ह्या दोघांत मत्सर कोणाला वाटायला पाहिजे? शालिकला. ज्याला मिळालं नाही त्याला. मग पाटी हरीनं का उचलली? ज्याला सगळं मिळणार आहे त्यानं?

दाराआड सिंधूनं पार्बताबाईंच्या दंडाला हळूच स्पर्श केला. "आयकलं का? राग पोटातच हाय म्हणते मास्तर. त्याले औषध नाही." मास्तर असं काहीच म्हणाले नव्हते. पण शिकलेला माणूस बोलायला लागला की प्रत्येक जण त्यातून आपल्याला पाहिजे तेवढं उचलतो. सिंधूला तो मास्तर देवानंच धाडल्यासारखा वाटला.

मास्तर उठून झेंडूच्या वाफ्याकडं गेले. नुकतंच पाणी सोडलेलं होतं. त्यांनी ओंजळभर काळी माती उचलली, चांगली मळली आणि तिचे दोन गोळे करून पोरांपुढं ठेवले. पोळ्याला बैल करता ना, तसं पाहिजे ते करा म्हणाले. घरातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कपाळ फुटलंय, पोराची शाळा बंद होतेय, आणि हा मास्तर चिखल खेळवतोय! देवीदास तर उघडच तोंडावर हात ठेवून हसला.

शालिकनं झटपट टांगा केला, त्याला घोडा जोडला. अकोल्याचा टांगा, हे सांगायची गरज नव्हती. सिंधूला अभिमान वाटला. हरी बराच वेळ गोळा दाबत बसला. मग त्यानं एक बाई केली. अंबाडा केला, पदर केला, काडीनं डोळे उमटवले. पार्बताबाई परका मास्तर बसलाय हे विसरून दाराबाहेर आल्या आणि त्याच्यापाशी उकिडव्या बसल्या. "मीच असन ते," त्या हरखून म्हणाल्या. मग त्यांनी निरखून पाहिलं. "पण बापू, कान राहिले ना हिचे."

"नाहीच हायत तिले," हरी म्हणाला. पाटी फुटल्यापासून त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द.

"काहून रे?"

"माय म्हटलं का तिले आयकू येत नाही."

पार्बताबाईंचा हात त्याच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला; पोराला चटका बसेल की काय अशा भीतीनं काढून घेतला. सवय लावा म्हणणाऱ्या त्याच होत्या.

मोरोपंत मास्तर शालिककडं वळले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की वर्गात तू हरीच्या कानात काय बोललास? शालिकला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट सगळी मोठी माणसं आपल्याकडं पाहतायत म्हटल्यावर त्यानं छाती पुढं काढली.

"म्या म्हटलं, तुले माय नाही, तुले निस्ती काकू हाय. तुह्या मायनं तुले बगीच्यासाठी इकलं. माही माय माहीच हाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"माय म्हणे ना बाबाले. रोजच म्हणे."

दाराच्या मागं सिंधूचे कान तापले. सासरी आल्यापासून तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. देवीदास मिशीला हात लावून आढ्याकडं पाहायला लागला. ताटावर बसून रोज ऐकणारा तोच, आणि कधी गप्प बस म्हणाला नव्हता. आता कुंदा येईल, झिंज्या धरेल, चार लोकांत आपला उद्धार करेल, असं समजून सिंधू भिंतीला टेकली. आणि खरं सांगायचं तर तिला ते चाललं असतं. भांडण तरी बरोबरीचं असतं.

कुंदा आली, पण तिच्या अंगावरून पुढं निघून गेली. हाताला पीठ लागलेलं होतं. भासरे समोर, परका मास्तर समोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. ती थेट अंगणातल्या चिखलात हरीसमोर बसली.

"हरी, मले आयकू येते," ती म्हणाली. "पहिल्यांदा हाक मारत होता ना तू, तेव्हाच येत होतं. प्रत्येक बारीले येत होतं."

हरीनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं मातीची बाई उचलली आणि मुठीत दाबून तिचा पुन्हा गोळा केला. मग तो गोळा त्यानं कुंदाच्या अंगावर मारला. पाठोपाठ स्वतःही तिच्या अंगावर जाऊन पडला आणि डोकं मांडीत खुपसून असा रडला, की बैलांना पाणी दाखवणारा शेषरावसुद्धा परत आला.

कुंदानं त्याला उचललं. दहा वर्षांचं हाडापेरानं मोठं पोरगं. उचलवत नव्हतं, तरी उचललं. ती पार्बताबाईंकडं पाहून म्हणाली, "बाई, मले माफ करा. लुगडं पेटीत तसंच हाय, घडीसुद्धा मोडली नाही. मी नाही देत हरीले."

लुगड्याची घडी मोडली नव्हती. सिंधूनं तेवढंच ऐकलं. इतके दिवस ज्या लुगड्यावर तिची झोप उडाली होती, ते कुंदानं नेसलंही नव्हतं? मग विहिरीवरचं ते रडणं खरंच रडणं होतं की काय?

शेषराव बायकोवर खेकसला, दादापुढं हे काय बोलणं झालं म्हणाला. पण त्याच्या खेकसण्यात जोर नव्हता, आणि त्यानं स्वतःच पुढं होऊन हरीला तिच्याकडून घेतलं. पार्बताबाई आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. वामनरावांचा चेहरा मात्र उतरला आणि मग कठीण झाला. भटजी सांगितले होते. मांडव घातला होता. तेल्हारा, दर्यापूर इथल्या सोयऱ्यांना अक्षता गेल्या होत्या. अकोल्याच्या समाजात मानानं वागलेला माणूस. आता काय सांगायचं, की भावानं शब्द फिरवला? त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली.

मग म्हणाले, "देवीदास, शालिक दे."

देवीदास गडबडला. एकुलता आहे, असं काहीतरी पुटपुटला. वामनराव म्हणाले, की एकुलता परक्याच्या घरात देत नाहीत. हे घर एकच हाय, चूल तेवढी वेगळी. शेवटी सगळं त्यालेच. आणि मग थांबून, जरा खालच्या सुरात, "तुम्हाले आधीच विचाराले पाहिजे होतं. चुकलं माहं."

विचारलं. शेवटी विचारलं! चारचौघांत, थोरल्या भासऱ्यानं, चूक कबूल करून विचारलं. देवीदासनं दाराकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत होकार होताच. तो फक्त तिची मान हलायची वाट पाहत होता. सिंधूला आनंद मावेना. आणि तिनं काय केलं, तर पहिल्यांदा कुंदाकडं पाहिलं. आता जळ म्हणावं. दिवाळीपासून मी जळले, आता तू जळ!

कुंदा पदराच्या टोकानं हरीचं नाक पुसत होती. तिनं वामनरावांचं बोलणं ऐकलंही नसावं. बगीचा गेला, टांगा गेला, दुमजली घर सिंधूच्या पोराकडं निघालं, आणि ह्या बाईच्या चेहऱ्यावर मत्सराची रेघ नाही. ती हरीच्या कानात काही सांगत होती आणि हरी मान डोलवत होता. सिंधूला कळेना की आपण जिंकलो तर मग हरलं कोण. ती त्या दोघांकडं पाहत राहिली, आणि दिवाळीपासूनचा तोच हेवा पुन्हा जागा झाला.

मोरोपंत मास्तर मध्ये बोलले, की काका, आजच्या आज ठरवू नका, मुलाला थोडा वेळ द्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. घरच्या गोष्टीत मास्तरांचं ऐकायची पाळी होऊन गेली होती.

पार्बताबाई डोळे पुसून उठल्या. एकदा तोंड पोळलेली बाई. ह्या खेपेला त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. शालिकजवळ जाऊन त्या मातीच्या टांग्याशेजारी बसल्या. घोडा छान झाला म्हणाल्या. मग भीत भीत, उत्तर नाही आलं तरी चालेल अशा सुरात त्यांनी विचारलं, "शालिक, येतं का माह्या घरी? मले माय म्हणशील?"

"हाव, माय," शालिक म्हणाला.

अडखळला नाही. थांबला नाही. दाराकडं बघितलं नाही. हरीला महिनोन्महिने जो शब्द फिरवता आला नव्हता, तो ह्यानं पेरूची फोड तोंडात टाकावी तसा सहज फिरवला. पार्बताबाईंनी त्याला छातीशी धरलं, आणि तो त्यांच्या गळ्यात हात टाकून विचारायला लागला, की टांग्यात पुढं बसता येईल का?

सिंधूला आधी वाटलं, आपल्या पोराची ही हुशारी. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. त्या म्हातारीच्या गळ्यातले ते हात आपले आहेत, आपण ते रोज न्हाऊ घातलेत, आणि ते एवढ्यात दुसरीच्या गळ्यात पडलेसुद्धा! कुंदाचा इतके दिवस केलेला मत्सर ह्याच्यापुढं काहीच नव्हता. त्या क्षणी तिला पार्बताबाईंचे केस धरून त्यांना ओढून बाजूला करावंसं वाटलं. हातात एखादी जड वस्तू असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

ती दाराबाहेर आली. सासरी आल्यापासून वामनरावांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"नाही देत," ती म्हणाली. "मी माहं पोरगं नाही देत."

देवीदास म्हणाला, अगं, तूच तर एवढे दिवस... आणि थांबला. पुढचं शालिक बोलला. तो पार्बताबाईंच्या मिठीतून सुटून आला आणि आईसमोर उभा राहिला. चेहरा लालबुंद. एवढा रागावलेला तो कोणी कधी पाहिला नव्हता.

"तूच म्हणे ना! हरीच्या जागी मीच पाहिजे होतो म्हणे! तो बगीचा माहा हाय म्हणे! आता काहून नाही?"

सिंधूनं त्याला जवळ घ्यायला हात पुढं केला. शालिकनं तो हात झटकला आणि मूठ आवळून तिच्या पोटात मारली. मग दुसरी. मग डोळे मिटून, ओठ दाबून, तो दोन्ही मुठींनी मारतच सुटला, पोटात, छातीत, लागेल तिथं. देवीदास ओरडत धावला. मास्तर उठले. सगळ्यांच्या आधी पोचली ती कुंदा. हरीला सोडून ती आली आणि तिनं मागून शालिकचे दंड पकडले.

"सोडा बाई त्याले," सिंधू म्हणाली.

कुंदानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि सोडलं.

सिंधू ओसरीच्या पायरीवर खाली बसली, त्याचे हात नीट पुरतील अशी. "मार बाप्पा," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं मार मले. पण इथंच राह्य."

शालिक म्हणाला, मले अकोल्याले जायचं हाय. आणि त्यानं तिच्या तोंडावर मारलं.